न सोडलेला बाण

गेल्या वर्षी मृग निघाला आणि दोनच दिवसांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अमेरिकेतून फोन आला. शाळेच्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की निम्मे बोलणे कळत नव्हते. तो म्हणाला, "सर, धनुष्य घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

मला वाटले, तिकडच्या मंडळाच्या नाटकात त्याच्या मुलाला रामाचे काम मिळाले असेल. मी म्हटले, "वेताचं कर की घरीच."

"नाही सर, खरंखुरं. हरणाच्या शिकारीसाठी."

हा मुलगा (चाळिशी ओलांडली तरी आम्हा मास्तरांना ते मुलगेच) खानापूरकडच्या एका खेड्यातला. मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच तोंडावर, गणितात हुशार. इंजिनिअर झाला आणि गेली पंधरा वर्षे विस्कॉन्सिन राज्यात आहे. वडील माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी सहसा चुकत नाही. मुलगा तिकडे जाऊन मांस खाऊ लागला हे त्यांना कधीच कळून चुकले आहे. त्यावर बापलेकांत बोलणे नाही. आता हा त्यापुढचा प्रश्न त्याने मला विचारला, कारण घरी तो विचारता येत नव्हता.

"मला त्यातलं काय कळतंय रे?" मी म्हटले.

"धनुष्यातलं नाही सर. घेऊ काय नको, त्यातलं विचारतोय."

म्हणजे प्रश्न दोन होते. कुठले धनुष्य घ्यावे, हा दुकानदाराचा. आणि घ्यावे की नाही, हा मास्तराचा. मीही आधी तसेच धरून चाललो होतो. पुढचे तीन महिने आम्ही यावर बोलत राहिलो आणि माझी ही वाटणी चुकीची ठरली. ते कसे, ते सांगण्यासाठी हा लेख.

त्याचे म्हणणे आधी मांडतो. त्याच्या राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणे भरपूर आहेत. शेतात शिरतात, रात्री मोटारींसमोर येतात. शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि नव्या वर्षाच्या तोंडावर संपतो. 1934 साली अमेरिकेत केवळ धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम सुरू करणारे पहिले राज्य हेच. 1 जानेवारी 1973 नंतर जन्मलेल्याला आधी शिकारीचे रीतसर शिक्षण घ्यावे लागते, तेही त्याने घेतले होते. बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी वापरायचा असा त्यांचा 1937 चा कायदा आहे; 1972 साली त्यात धनुष्यबाणही आले. गंमत पाहा, त्याच 1972 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे शिकार बंदच झाली. दोन देश, एकच वर्ष, एकच काळजी आणि उत्तरे उलटी. दोन्हींपैकी एकच बरोबर असले पाहिजे, असे मला तरी वाटत नाही.

पण हे सगळे सांगून झाल्यावर तो जे बोलला ते मला जास्त लागले. "सर, मी दुकानातलं मांसाचं पाकीट उचलतो तेव्हा मला कोण काही विचारत नाही. मीसुद्धा मला विचारत नाही. वर्षातून एकदा तरी विचारावं म्हणतोय."

यावर मी कोण उपदेश करणार? आमच्या घरी रविवारी मटण असते. कोपऱ्यावरच्या दुकानात मी पिशवी पुढे करतो आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. महाभारतातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकत बसलेला असतो आणि कौशिक ब्राह्मणाला धर्म सांगतो. तो स्वतः प्राणी मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, असे तो तिथे आवर्जून सांगतो. इतका थोर ज्ञानी, पण त्यालाही हा खुलासा करावासा वाटला! आपण गिऱ्हाइके तर तेवढाही करत नाही.

तेव्हा 'मारू नको' असे मी म्हणालो नाही. म्हटले, आधी मला ते धनुष्य समजावून सांग.

इथे थोडे यंत्राबद्दल बोलणे भाग आहे. आपल्या डोळ्यांपुढे असते ते कॅलेंडरातल्या रामाचे धनुष्य. ते जसजसे ओढावे तसतसे जड होत जाते, आणि बाण कानापर्यंत आला की सगळा भार हातावर. तिथे माणूस दोन-चार क्षण थांबू शकतो. मग हात थरथरतो आणि बाण सोडावाच लागतो. मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या शिकाऱ्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसवल्या. 1966 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1969 च्या डिसेंबरात ते मिळाले. विहिरीवरच्या कप्पीचा आस बरोबर मध्यावर असतो. याच्या कप्पीचा तो मुद्दाम एका बाजूला सरकवलेला. त्यामुळे ओढताना आधी भार चढतो, शिखराला पोचतो आणि मग एकदम उतरतो. या उतरण्याला ते लेट-ऑफ म्हणतात. साठ पौंडांचे, म्हणजे साधारण सत्तावीस किलोंचे, धनुष्य पूर्ण ओढले आणि लेट-ऑफ ऐंशी टक्के असला, तर हातात उरतात बारा पौंड. साडेपाच किलो. भरलेल्या घागरीपेक्षा कितीतरी हलके. बाणाला मिळणारी शक्ती मात्र साठवलेलीच राहते. हेच कंपाउंड धनुष्य.

आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जागतिक अजिंक्यपद मिळवले ते याच प्रकारात, आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही हा प्रकार मिश्र सांघिक स्वरूपात येणार आहे. पण तिथे पन्नास मीटरवरचे कागदी लक्ष्य असते. नेम हुकला तर गुण जातो. जखमी कागद झुडपात शिरून रात्रभर पडून राहत नाही.

दुकानात त्याला सत्तर पौंडांचे धनुष्य दाखवले. सेकंदाला 340 फूट वेग, असे त्यावर लिहिलेले. मी त्याला विचारले, हा वेग कोणाच्या हातून मोजला? त्याने चौकशी केली, तेव्हा कळले की हे आकडे साधारणपणे सत्तर पौंड खेच, तीस इंच ओढ आणि हलका बाण धरून काढतात. याच्या दोन्ही हातांचा पसारा सत्तर इंच. त्याला अडीचने भागले की अठ्ठावीस इंच. ही त्याच्या ओढीची अंदाजे लांबी. शिवाय शिकारीचा बाण जड. म्हणजे पाटीवरचा वेग दुसऱ्याच्या हाताचा, पैसे मात्र याने मोजायचे. शाळेच्या माहितीपत्रकावर बोर्डात आलेल्या एका मुलाचे टक्के छापतात, तसाच हा प्रकार. (हे मी आमच्याही शाळेबद्दल म्हणतो आहे.)

आणि वेगाचा हव्यास तरी कशासाठी? दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास जातो, बाण पावणेतीनशेच्या. चाळीस यार्डांवरच्या, म्हणजे 120 फुटांवरच्या हरणाला आवाज एक दशांश सेकंदात पोचतो, बाणाला चार दशांशांहून अधिक लागतात. तेवढ्यात बिचकलेले हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली झुकते आणि काळजावर धरलेला बाण पाठीत लागतो. दहावीतल्या मुलाला सुटेल असे हे गणित आहे. कितीही महाग धनुष्य घेतले तरी ते आवाजाच्या पुढे जाणार नाही. उपाय एकच, जवळ जाणे. अंतर निम्मे केले की चूकही आटते. जवळ जायचे तर रानात तासन्तास गप्प बसता आले पाहिजे, वारा ओळखता आला पाहिजे, आणि हे दुकानात मिळत नाही.

याच ठिकाणी त्याने मला पेचात टाकले. तो म्हणाला, "सर, हरणाला त्रास कमी व्हावा एवढंच बघायचं असेल तर बंदूक बरी. मग धनुष्य घ्यायचंच कशाला?"

या प्रश्नावर मी आठवडा काढला. प्रश्न खरा आहे. बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. पाते धारदार हवे आणि ते काळीज-फुफ्फुसांतून गेले पाहिजे. तसे झाले तर हरीण थोड्याच वेळात पडते, नाही झाले तर तासन्तास जाते. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारायला बंदीच आहे. धनुष्यवाला म्हणतो, मी स्वतःवर मर्यादा घालून घेतली, म्हणून माझी शिकार जास्त सचोटीची. पण त्या मर्यादेची किंमत कोण देणार, तो की हरीण? उपास एकाने धरावा आणि भूक दुसऱ्याला लागावी, असला हा त्याग होईल.

माझे उत्तर अखेर असे ठरले. अडचण घालून घ्यायची ती आपल्या वाटेत, हरणाच्या मरणात नव्हे. जवळ पोचणे हवे तेवढे कठीण करून घे. वीस-पंचवीस यार्डांपलीकडे बाण लावायचाच नाही असे ठरव. हंगामभर रिकाम्या हाताने परत ये. पण बाण सुटला तर त्यात शंका नको. असे वागणे जमत नसेल तर बंदूक घे, नाहीतर पाकीट आण. अमेरिकेतला आल्डो लिओपोल्ड हा वनविचारवंत विस्कॉन्सिनमध्येच राहत होता, स्वतः धनुष्यबाणाने शिकार करत होता. शिकाऱ्याभोवती टाळ्या वाजवायला किंवा शिट्ट्या मारायला कोणी नसते, त्याला स्वतःच्या मनापुढेच उभे राहावे लागते, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. परीक्षेला पर्यवेक्षक नसलेल्या वर्गासारखे हे आहे. असा वर्ग मी एकदाच पाहिला आणि त्यावर फार बोलणे बरे नव्हे.

पण या सगळ्यात माझे मन त्या लेट-ऑफपाशी घोटाळत राहिले. त्याचे नवल मला अजून ओसरलेले नाही.

दशरथाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पावसाळ्यातली रात्र, शरयूचा काठ. पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज आला, तरुण राजपुत्राला तो हत्ती वाटला आणि त्याने आवाजावर बाण सोडला. दशरथाचे कौशल्य कमी होते का? उलट ते फार होते. न दिसणाऱ्या लक्ष्याचा वेध घेणे ही त्याची विद्या. कमी पडले ते एक मिनिट. त्या मिनिटात तो दोन पावले पुढे सरकला असता, ढग जरा हलला असता, घागरीचा आवाज दुसऱ्यांदा आला असता. जुन्या धनुष्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ते ओढल्यावर थांबायला फारसा वाव नसतो. हात थरथरू लागला की हातच निर्णय घेतो, मन मागून येते.

कंपाउंड धनुष्याने माणसाला शक्ती दिली असे सगळे म्हणतात. माझ्या मते त्याने वेळ दिला. पूर्ण ओढून साडेपाच किलो धरून माणूस मिनिटभर उभा राहू शकतो, पाहू शकतो, आणि नको वाटले तर बाण न सोडता दोरी हळूहळू परत नेऊ शकतो. हे यंत्र मन बदलायला जागा ठेवते. आणि ज्याला मन बदलायला वेळ होता त्याला 'हात सुटला' म्हणता येत नाही. दशरथाला जी सबब सांगता आली असती ती याला उरत नाही.

म्हणून मी त्याला सांगितले, "ओढायला कुठलं सोपं ते बघू नको. परत न्यायला कुठलं सोपं ते बघ."

मला वाटले होते हे नुसते मास्तरकीचे वाक्य झाले. पण तो दुकानात गेला आणि खरेच तसे करून पाहिले. वेगासाठी बनवलेल्या कप्प्या दोरी परत नेताना हाताला जोराचा हिसका देतात. धनुष्य पुढे झेपावते, खांदा ओढला जातो, झाडावर बसलेल्या माणसाचा तोलही जाईल. मवाळ कप्प्यांचे धनुष्य थोडे मंद, पण न बोलता परत जाते. दुसरी एक कसोटी त्याला तिथल्याच एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने सांगितली. खुर्चीवर बसायचे, धनुष्य समोर सरळ धरायचे आणि हात आभाळाकडे न उचलता ओढायचे. आभाळाकडे उचलावे लागले तर ते वजन आपले नव्हे. हरीण तेवढी हालचाल पाहतेच. सत्तरला त्याचा हात वर गेला. साठलाही जरासा गेला. पन्नासला तो शांत राहिला. राज्याचा कायदा तर तीस पौंडांवर समाधानी आहे. जागतिक स्पर्धेतही साठच्या वर जाऊ देत नाहीत. तरी पन्नासचे धनुष्य घेताना आपल्याला शरम वाटली, असे तो म्हणाला. ऑफिसातले सगळे सत्तरवाले.

शरमेचे मला सांगू नये. पाचवी-सहावीत असताना माझ्याकडे गलोल होती. सगळ्या पोरांची सायकलच्या ट्यूबची. मी हट्टाने ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी मिळवली. ती मला धड ताणताही येत नव्हती. ताणताना हात हलायचा, पण खडा गेला तर लांब जायचा आणि पोरे बघत राहायची. मे महिन्यात एका संध्याकाळी कुंपणावरचा होला पडला. मेला नाही. पंख ओढत घायपाताच्या जाळीत शिरला. पोरे ओरडली, मला डोक्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. घायपाताच्या काट्यांत कोण शिरणार? मी घरी आलो.

आजोबा तरुणपणी गावच्या हाकाऱ्यात जात असत. त्यांच्या वेळी रीत अशी होती म्हणे, की ज्याच्या हातून डुक्कर जखमी होऊन निसटले त्याने ते सापडेपर्यंत जेवायला बसायचे नाही. त्यांना पोरांकडून कळले होते. त्यांनी एवढेच विचारले, "सापडला काय?"

मी म्हटले, "उडून गेला."

त्यांनी मला खोटे पाडले नाही. कोयता घेतला आणि अंधार पडत असताना एकटेच कुंपणाकडे गेले. बऱ्याच वेळाने परत आले, हातांवर ओरखडे होते, हौदावर हात धुतले आणि ताटावर बसले. होला सापडला की नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ते वारले त्यालाही आता तीस वर्षे होतील. गलोलीचे रबर निवडताना मी जी चूक केली ती नेमाची नव्हती, एवढे मात्र मला त्या मुलाच्या पन्नास पौंडांमुळे कळले. माझ्या वयाच्या माणसाने हे छापून सांगावे का, ते वाचकांनी ठरवावे.

मुलाने जुलैपासून रोज संध्याकाळी सराव केला. नोव्हेंबरात, आपली दिवाळी झाल्यावर, त्याचा फोन आला. पहाटे अंधारातच तो झाडावरच्या मचाणावर जाऊन बसत असे. मावळतीकडे झुकलेले मृग नक्षत्र तिथूनही दिसते. पोटात तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे व्याध. आपल्याकडे पहाटेच्या अभ्यंगस्नानाला उठले की हेच दिसते, हे त्याला तिथे आठवले. हंगामात त्याने तीनदा धनुष्य ओढले. पहिल्यांदा हरणी किंचित तिरकी उभी होती. त्याने वाट पाहिली, ती सरळ झाली नाही, त्याने दोरी परत नेली. दुसऱ्यांदा सगळे जुळून आले होते. अंतर बावीस यार्ड, वारा तोंडावर. तरी परत नेली. का, हे त्याला सांगता आले नाही. तिसऱ्यांदा बाण सोडला. शिकवल्याप्रमाणे अर्धा तास जागचा हलला नाही. तो अर्धा तास फार मोठा होता, म्हणाला. मग रक्ताच्या खुणांनी गेला. सत्तर पावलांवर हरणी पडलेली होती.

"वाईट वाटलं काय?" मी विचारले.

"वाटलं सर. पण पाकिटाचं वाटत नव्हतं, त्याचं जास्त वाटलं."

त्याने बरोबर केले की चूक, यावर आमच्या शिक्षकखोलीत दोन तट आहेत. आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणतात, ज्याला दुसऱ्यांदा दोरी परत नेता आली त्याला तिसऱ्यांदाही नेता आली असती, मग नेली का नाही? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्याकडेही नसावे. पण प्रश्न विचारायला जागा आहे ती त्याने परत न्यायला सोपे धनुष्य घेतले म्हणूनच, एवढे मी बाईंना सांगितले. त्यांना ते पटले नाही.

या दिवाळी अंकासाठी मी हे लिहू का, असे त्याला विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लिहा सर. बाबा अंक घेतात. मला सांगायला येत नाही."

त्याचे वडील परवाच शनिवारच्या बाजारात भेटले. यंदाही डुकरांनी भात लोळवले, राखणीला आता अंगात ताकद नाही, असे सांगत होते. वनखात्याकडे अर्ज दिला आहे. डुकरांवर राग काढतील असे वाटले होते, पण "त्यांनी तरी खावं कुठं?" म्हणाले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग मुलाची चौकशी केली.

"तुम्हाला फोन करतंय म्हणे. सुट्टीत काय करतंय तिकडं?"

मी म्हटले, "रानात जातो."

"एकटाच?"

"एकटाच."

ते थोडे थांबले. "थंडी असतीया की तिकडं," म्हणाले. "जपून जा म्हणावं."